आईचा गौरव, बाईची हजेरी

मराठी साहित्यात आई जितकी आहे तितकी कामावरची बाई नाही. आणि कामावरची गरोदर बाई तर जवळजवळ नाहीच. डोहाळेगीते आहेत. त्यांत झोपाळा आहे, बाग आहे, चांदणे आहे. जात्यावरच्या ओवीत पोटुशी बाई दळताना भेटते खरी, पण जात्यावरून तिला कोणी कमी करीत नाही. मुकादम, हजेरीपट, खाडा हे शब्द मातृत्वाच्या शेजारी बसवायला आमचे लेखक कचरतात, ते का?

हे समजून घेण्यासाठी कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवून मी दोन निराळ्या संहिता वाचल्या. पहिली १९८१ ची, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची. पहिल्याच गरोदरपणी नोकरी संपावी, असा तिथे नियम होता. न्यायालयाने तो रद्द केला, हे उत्तमच झाले. पण भाषा पाहावी. ती नोकरीच्या हक्कापेक्षा भारतीय स्त्रीत्वाच्या पावित्र्याविषयी अधिक तळमळीने बोलते. त्याच निकालात नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र शाबूत राहिली. पूजा आणि अट यांचे एका पानावर इतके सुखाने नांदणे आपल्याला खटकत नाही, कारण आपली सारी मातृगीते याच पद्धतीने रचलेली आहेत.

दुसरी संहिता म्हणजे आयुर्विमा महामंडळाचा नोकरीचा अर्ज, ज्यावर न्यायालयाने १९९१ मध्ये निकाल दिला. पाळी नियमित आहे काय, शेवटची केव्हा, बाळंतपणे किती, गर्भपात किती, असे त्यात रकाने होते. परिवीक्षाकाळातल्या एका स्त्रीला प्रसूतीच्या रजेवर असतानाच कमी करण्यात आले, आणि तिने रकान्यातली माहिती खोटी भरली असे कारण पुढे आले. न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि ते रकाने वगळण्यास सांगितले. वाङ्मय म्हणून विचाराल तर हा अर्ज मला पुष्कळ कथांपेक्षा प्रामाणिक वाटतो. आमच्या कथेतला साहेब बारशाचे पेढे खातो. या अर्जातल्या साहेबाला काय हवे आहे ते तरी कळते.

आता आपल्या दाराशी येऊ. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर युगांतर या गटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट केला. छाया दातार यांचे या बायकांच्या संघटनेवरील पुस्तक १९८९ मध्ये आले, तेही इंग्रजीत. या बायका बोलतात त्या कामाविषयी, मजुरीविषयी, संघटनेविषयी; कोणाच्या तरी आई म्हणून हात जोडून घेण्यासाठी नव्हे. बेळगावपासून निपाणी फार तर दोन तासांवर, पण आपल्या सीमाभागातल्या कथेला ती वखार फारशी दिसली नाही. आपण सीमाप्रश्नावर लिहीत राहिलो, आणि ते आवश्यकच होते. तरी भाषेसाठी मोर्च्यात चालणारी बाई सकाळी कुठे राबते, हेही मराठीतच लिहायचे होते. बीडच्या ऊसतोड बायकांचेही तसेच. खाडा पडू नये म्हणून गर्भाशयच काढून टाकल्याच्या हकिकती २०१९ मध्ये बाहेर आल्या, त्या वर्तमानपत्रांतून आणि सरकारी समितीच्या अहवालातून.

मग या विषयावर चांगले गद्य कुठे आहे? माझ्या मते १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर डॉ. आंबेडकरांनी केलेल्या भाषणात. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे, म्हणून बराचसा भार सरकारने सोसावा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा काही वाटा त्याचाही. स्तुती नाही, गहिवर नाही, नुसता हिशेब. १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांपर्यंत गेली.

भाषा मात्र जिथल्या तिथे आहे. आमच्या कॅम्पातल्या टेबलावर शिक्षिकांचे रजेचे अर्ज येतात, छापील भाग कन्नड, हाताने लिहिलेला मराठी. कायद्याने मिळालेली रजा त्यांत ‘कृपाळू होऊन’ मंजूर करायची असते. रजा संपवून बाई रुजू झाली की शिक्षकखोलीत कोणीतरी हमखास म्हणतो, ‘झाला का आराम?’ सहा महिने रात्रीची झोप नसलेली बाई यावर हसते, आणि तिचा वर्ग बदली शिक्षकाकडेच राहिल्याचे तिला वेळापत्रक पाहून कळते. एवढीशी गोष्ट. पण ती लिहिणारा कथाकार मला अजून भेटायचा आहे.