यंत्रकरवतीचें शिल्प

नाशिकच्या सराफ बाजारांतील सरकारवाड्यांत ज्यानें एकदां तरी निवांतपणें तासभर घालविला असेल, त्यास लांकूडकामाविषयीं बोलतांना थोडासा गर्व वाटला तर नवल नाहीं. पेशवाईंतले ते खांब, त्या तुळया, आणि तिकडे चांदवडास अहिल्याबाईंच्या रंगमहालांतील तें कोरीव काम डोळ्यांसमोर असतांना, ‘चेनसॉनें कोरलेलें शिल्प’ हे शब्द कानीं पडतांच आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थ नाक मुरडतो. ज्या गांवाचें नांवच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलें असें लोक सांगतात, तेथें नाक मुरडण्याचा हक्क तरी कोणाचा नाकारावा! आमचेंहि प्रथम असेंच झालें. परंतु अमेरिकेंतील व युरोपांतील अशा कामांचीं चित्रें आतां घरोघर पाहावयास मिळतात. तीं पुष्कळशीं पाहिल्यावर आमचें मत थोडें बदललें, आणि ज्या कारणासाठीं बदललें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

प्रथम हत्याराविषयीं. दांतेरी साखळीनें कापण्याची कल्पना लांकूडतोड्यांची नव्हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडांतील शस्त्रवैद्यांनीं अडलेल्या बाळंतिणीचें हाड कापण्यासाठीं ती काढली. लांकडासाठीं तिचें यंत्र झालें तें विसाव्या शतकांत. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी करवत सिद्ध केली, आणि पुढें तेलाचें इंजिन आलें. एका लांबट पोलादी पात्याभोंवतीं साखळी वेगानें फिरते, एवढीच तिची रचना. मात्र पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला तर सारें यंत्र एकदम उसळून कारागिराच्या अंगावर येतें. म्हणून कोरणारे लोक निमुळतें, नाण्याएवढ्या टोंकाचें पातें वापरतात. त्यानें उसळण्याचें भय कमी होतें आणि अरुंद जागींहि वळतां येतें. कानांवर झांकणें आणि पायांना जाड आच्छादन घातल्यावांचून कोणी शहाणा हें काम करीत नाहीं.

आतां मुद्दा असा कीं, प्रत्येक हत्याराची एक स्वतःची रेघ असते. पटाशी लांकडाच्या तंतूंना विचारीत पुढें जाते. तंतु उलटा आला कीं सुताराचा हात थांबतो, पटाशी फिरते, दुसऱ्या बाजूनें काम सुरू होतें. वाड्यांतील पाकळीची जी नाजुक कड आपण वाखाणतों, ती या विचारपुशींतून निघालेली आहे. यंत्रकरवत कोणास कांहीं विचारीत नाहीं. तंतु उभा असो कीं आडवा, ती सारख्याच आवेशानें जाते. तिला साधतात त्या मोठ्या सपाट्या, खोल खांचा, तिरकस काप, आणि एका दमांत घेतलेलें वळण. या गोष्टी ज्यानें ओळखल्या त्याच्या हातून बसलेलें अस्वल असें उतरतें कीं, केंस एकहि कोरलेला नसतांना अंगाचें ओझें जाणवतें. ज्यानें ओळखल्या नाहींत तो गरुडाचें पीस न् पीस काढीत बसतो, मग तें घांसतो, ज्योतीनें भाजून काळें करतो, वर चकचकीत रोगण चढवितो. आणि शेवटीं पटाशीनें चौपट चांगलें झालें असतें असें काम यंत्रानें केल्याचा अभिमान मिरवितो. कॅनडांत ब्रिटिश कोलंबियामधील होप नांवाच्या गांवीं अशीं अनेक शिल्पें रस्तोरस्तीं उभीं आहेत, आणि जर्मनींत सॅक्सनी प्रांतीं ब्लॉकहाउझेन येथें कारागिरांच्या चढाओढी भरतात. चढाओढींत वेळ मोजलेला असतो. त्यामुळें प्रेक्षक कौशल्यापेक्षां वेगावरच अधिक लुब्ध होतात, हा या कलेस जडलेला एक रोगच म्हणावा लागेल.

तेव्हां वाड्यांशीं तिची तुलना करणें हीच मूळ चूक होय. तिचें नातें पाहावयाचें असेल तर सुरगाणा-पेठकडे जावें. तेथील कोकणा व वारली लोकांच्या गांवशिवेवर वाघदेव असतो. कोठें तो दगडाचा असतो, कोठें उभ्या लांकडी फळीचा. तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र थोडक्या कापांनीं काढलेले असतात. हत्याराचा घाव तेथें लपविलेला नसतो, लपवावा असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. छप्पर बहुधा नसतेंच; पाऊस, ऊन, शेंदूर यांनीं त्याचें रूप दरसाल थोडें बदलतें. वाघदेव ही पूजेची वस्तु आहे आणि होपचें अस्वल ही शोभेची, हा भेद आम्ही विसरत नाहीं. पण काप मोजके, सबंध लांकूड उभें, आणि वर उघडें आकाश, या तीन गोष्टींत तीं एकाच कुळांतलीं आहेत. सरकारवाड्याचा खांब घराच्या आंत राहतो. त्याचें कूळ निराळें.

उघड्यावर राहावयाचें म्हटलें कीं लांकडाची निवड आली. सबंध ओंडका वाळतांना गाभ्याभोंवतीं वर्तुळाच्या दिशेनें जितका आंखडतो, त्याच्या सुमारें निम्माच गाभ्याच्या दिशेनें आंखडतो. ही ओढाताण कोठेंतरी फुटणारच, म्हणून ओंडक्याला उभी भेग पडते, आणि ती नेमकी मूर्तीच्या तोंडावर पडावी असा दैवाचा संकेत दिसतो. पश्चिमेकडील कारागीर तांबड्या सीडरचें लांकूड पसंत करतात. तें मऊ असून कुजतहि नाहीं. आमचा साग अंगच्या तेलामुळें पावसांत टिकतो खरा, पण त्यांत वाळूच्या जातीचा अंश असल्यामुळें साखळीचे दांते लौकर बोथट होतात, आणि किंमतीचा विचार करतां सबंध ओंडका यंत्राखालीं घालणें हें पापच वाटतें. निलगिरी चिरफाळते. आंबा सोपा, पण उघड्यावर लौकर कुजतो. रस्त्याच्या कडेचा पर्जन्यवृक्ष, ज्यास लोक रेन-ट्री म्हणतात, तो मात्र आम्हांस फार योग्य वाटतो. त्याचें लांकूड ओलेंच कोरलें तरी भेगा कमी पडतात, आणि पिंगट गाभा व फिकट कड यांचा विरोध मोठ्या कापांत खुलून दिसतो.

येथें मन जरा अडखळतें. या शहरांत यंत्रकरवतीचा आवाज बहुतेकांनीं झाड पडतांनाच ऐकला आहे. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थासाठीं साधुग्राम उभारण्याकरितां तपोवनांतील झाडें तोडण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हां नागरिकांनीं केवढा विरोध केला हें सर्वांच्या स्मरणांत आहे. उद्यां कोणी म्हणेल, झाड गेलें तर गेलें, खोडावर मोर कोरून देतों! शहरांतील झाडांसाठीं १९७५ चा कायदा आहे, आणि त्यांत वृक्ष-प्राधिकरणाची योजनाहि आहे. वादळानें वा वयानें जें झाड पडलें त्याचें खोड कलावंतास खुशाल द्यावें, त्यासाठीं नगरपालिकेनें एखादें अंगणहि मोकळें करून द्यावें. परंतु उभें झाड तोडण्याच्या अर्जांत शिल्पाचा उल्लेख आला, तर प्राधिकरणाच्या सभासदांनीं तेवढा परिच्छेद न वाचतांच पान उलटावें.