दिवाण, दबीर आणि लिपी

लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खास पाहुण्यांना दाखविताना १७६० साली सदाशिवरावभाऊंनी तेथील छताची चांदी काढविली, हे आपण हटकून सांगतो. त्या दालनास ‘दिवाण’ का म्हणतात, हे मात्र कोणी विचारीत नाही.

शब्द मूळचा इराणी. अरबीने तो फार लवकर उचलला. खलीफा उमर याच्या काळी, सातव्या शतकात, सैनिकांच्या वेतनाची नोंदवही म्हणजे दिवाण. वहीवरून ती ठेवण्याची कचेरी, कचेरीवरून दरबाराचे दालन, पुढे तेथील बैठक, आणि कचेरीचा मुख्याधिकारीही. कवीच्या रचनांची वहीदेखील दिवाणच. गालिबचा उर्दू दिवाण याच दिल्लीत १८४१ मध्ये छापला गेला. १७६५ साली कंपनी सरकारास मिळालेली बंगालची ‘दिवाणी’ आणि आपला दिवाणी दावा एकाच कुळातले.

इब्न खल्दूनने एक आख्यायिका दिली आहे. मनाशी पुटपुटत हिशेब करणारे आपले कारकून पाहून इराणचा बादशहा उद्गारला, ‘दिवाने!’ मार्चअखेरची कचेरी ज्याने पाहिली आहे त्यास ही व्युत्पत्ती पटेल; पण ती खरी नव्हे. खरे मूळ प्राचीन फारसीतील ‘दिपि’, म्हणजे लेख. ‘दबीर’, म्हणजे लेखक, हाही त्याच मुळाचा. अशोकाच्या शाहबाजगढी येथील शिलालेखात ‘दिपि’ हेच रूप आहे. फिरोजशहा कोटल्याच्या स्तंभावर मात्र ‘लिपि’. आपली ‘लिपी’ त्या ‘दिपि’वरूनच आली, असे अनेक विद्वान मानतात.

आमचा आक्षेप येथेच आहे. राज्यव्यवहारकोशाने दबिराचा सुमंत केला, त्याविषयी आम्हांस आदर वाटतो. नव्या राज्याने आपल्या कारभाराची भाषा स्वतःच्या हाती घेतली होती. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी तोच न्याय घराघरांतील बोलण्यास लावला, हे आम्हांस मान्य नाही. १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन यांच्यासारखा फारसीचा जाणकारही पुढे त्या पक्षास मिळाला, याचे आम्हांस नवल वाटते. दिवाणखाना परका म्हणून बाहेर काढावयाचा आणि लिपी संस्कृत म्हणून देव्हाऱ्यात ठेवावयाची, हा निवाडा शब्दाच्या कुळावर झालेला नाही, पेहरावावर झालेला आहे. दिवाणखान्यास बैठकीची खोली म्हणून निभावेल; लिपीस दुसरे कोणते नाव द्यावे, हे त्यांनी सुचविल्याचे आमच्या वाचनात नाही.