‘मयत’, ‘वारस’ आणि ‘इतर हक्क’ : कर्जत-खालापूर परिसरातील वारसा-अभिलेखांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

मृत व्यक्तीच्या मिळकतीचे पुढे काय झाले, हे शोधू पाहणाऱ्या अमेरिकेतील अभ्यासकाला बहुतेक ठिकाणी एक निश्चित पत्ता उपलब्ध असतो. काउंटीच्या पातळीवरील न्यायालयात मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, वारसांची नावे आणि वाटणीचा हुकूम असे कागद एकाच प्रकरणात बांधलेले सापडतात. तेथील कौटुंबिक इतिहासाच्या लेखनाने या दप्तराचा मोठा आधार घेतला आहे. ही अपेक्षा मनात बाळगून कोणी रायगड जिल्ह्यातील कर्जत किंवा खालापूर तालुक्यात गेला, तर त्याच्या हाती तसे बाड लागत नाही. त्यावरून ‘आपल्याकडे कागदच ठेवले जात नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. कागद आहेत, परंतु ते निरनिराळ्या कार्यालयांत, निरनिराळ्या हेतूंनी आणि निरनिराळ्या भाषेत लिहिले गेले आहेत. प्रस्तुत लेखात या अभिलेखांचा माग कसा घ्यावा हे पाहण्याबरोबरच एक संहिता म्हणून त्यांचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

असे वाचन या भूमीला अगदीच परके नाही. खोपोली परिसरात शेती आणि लेखन करणारे ग्रामीण कादंबरीकार र. वा. दिघे हे मूळचे वकील होते. शेतकऱ्याच्या जगण्याविषयीची त्यांची कादंबरी आपण साहित्य म्हणून वाचतो. त्याच शेतकऱ्याच्या जमिनीविषयीची दप्तरी नोंद मात्र निव्वळ कारकुनी मजकूर म्हणून बाजूला ठेवतो. वस्तुतः त्या नोंदीतही निवेदक आहे, पात्रे आहेत आणि कोणाचे नाव घ्यावे, कोणाचे गाळावे याची निवडही आहे.

१. प्रोबेटच्या अनुपस्थितीचा अर्थ :

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५७ व २१३ यांच्या एकत्रित योजनेनुसार हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेणे सर्वत्र बंधनकारक नव्हते. मृत्युपत्र बंगालच्या तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नरच्या प्रदेशात किंवा मुंबई व मद्रास येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात केलेले असेल, अथवा त्यातील स्थावर मिळकत त्या क्षेत्रात असेल, तरच ही सक्ती होती. २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने कलम २१३ वगळण्यात आले आणि ही सक्तीही संपली. कर्जत आणि खालापूर हे तालुके या क्षेत्राच्या बाहेर आहेत. त्यामुळे गावातील हिंदू शेतकऱ्याने गावातच केलेल्या आणि गावातील जमिनीपुरत्या मृत्युपत्राचे प्रोबेट प्रकरण सहसा सापडत नाही. ही उणीव दप्तर गहाळ झाल्यामुळे निर्माण झालेली नसून कायद्यातच अंतर्भूत आहे. अभिलेखागारातील मौनाचे कारण आधी तपासावे आणि मग त्याचा अर्थ लावावा, हे येथे पहिले पथ्य ठरते.

याच तालुक्यात या नियमाची दुसरी बाजूही दिसते. माथेरान कर्जत तालुक्यात आहे. तेथे बंगला असलेल्या मुंबईकर हिंदू किंवा पारशी मालकाने आपले मृत्युपत्र मुंबईत केले असेल, तर त्याचे प्रोबेट मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात शोधावे लागते. डोंगरावरील बंगल्याच्या मालकाचे मरण मुंबईच्या न्यायालयात नोंदले जाते, तर पायथ्याच्या वाडीतील शेतकऱ्याचे मरण तलाठ्याच्या वहीत. एकाच तालुक्यातील दोन मृत्यूंना दोन वेगळे लेखनप्रकार मिळतात आणि या वाटणीत सामाजिक स्थानाचा भाग मोठा आहे.

२. दप्तरांचा भूगोल :

स्थानिक शोधाची पहिली अडचण जिल्ह्याच्या नावापासून सुरू होते. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. खालापूर हा दीर्घकाळ कर्जत तालुक्याचाच एक पेटा होता. म्हणून खालापूरच्या एखाद्या घराण्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा माग काढताना ‘खालापूर, जि. रायगड’ एवढ्या पत्त्यावर अवलंबून राहून चालत नाही. ‘कर्जत, जि. कुलाबा’ आणि त्याआधीचे ‘कर्जत, जि. ठाणे’ हे पत्तेही तपासावे लागतात. जुने कागद मोडी लिपीत असतील, तर लिपीच्या जाणकाराचे साहाय्य अपरिहार्य ठरते.

दुसरी अडचण कार्यालयांची आहे. वारसाविषयक कागद मुख्यतः तीन ठिकाणी विखुरलेले असतात.

(अ) महसुली दप्तर : गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही आणि ६-क म्हणजे वारसा प्रकरणांची नोंदवही. या तिन्हींचे अंतिम फलित सातबाऱ्यावर उमटते. सातबाऱ्यावर नावासोबत फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मागे मागे जाणे ही शोधाची सर्वांत भरवशाची वाट आहे.

(आ) दुय्यम निबंधकांचे दप्तर : नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदलेली मृत्युपत्रे पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्यांची नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर कोणाही अर्जदाराला ती मिळू शकते. हक्कसोडपत्रे आणि वाटणीपत्रे पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात व ती सर्वांना पाहण्यास खुली आहेत.

(इ) दिवाणी न्यायालयाचे दप्तर : येथे दोन दाखल्यांत गल्लत होते. १९२५ च्या अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र केवळ येणी व रोखे यांच्यापुरते असते. त्यावर शेतजमीन चढत नाही. १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस दाखला स्थावर मिळकतीलाही लागू पडतो. परंतु तो मालकी बहाल करीत नाही, तर मिळकतीचा कायदेशीर कारभार तूर्त कोणाकडे आहे एवढेच सांगतो. ही प्रकरणे काळ व अधिकारक्षेत्र यांनुसार तालुक्याच्या न्यायालयात, पनवेलला किंवा अलिबागच्या जिल्हा न्यायालयात असू शकतात.

न्यायालयीन शोधात एक सूक्ष्म अडचण आहे. संगणकीय यादीत प्रकरण पक्षकाराच्या नावाने शोधले जाते आणि मृत व्यक्ती पक्षकार नसते. अर्जदार वारस असतो व सामनेवाल्याच्या जागी अनेकदा ‘कोणी नाही’ असा शेरा असतो. ज्याच्या मृत्यूमुळे प्रकरण उद्भवले, त्याच्या नावाने ते सापडत नाही. अर्जदार विवाहित मुलगी असेल तर तिचे सासरचे नाव ठाऊक असल्याखेरीज शोध पुढे सरकत नाही. अशा वेळी ‘कृषीवल’सारख्या जिल्हा दैनिकांत प्रसिद्ध झालेल्या जाहीर नोटिसा हा पूरक दुवा ठरतो. मृत व वारस अशी दोन्ही नावे तेथे एकत्र आढळू शकतात.

३. वारस नोंदीची भाषा :

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. कलम १५० नुसार तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’) फेरफार लिहितो, हितसंबंधितांना नोटीस देतो आणि त्यानंतर नोंद प्रमाणित केली जाते. या नोंदीचा साचा ठरलेला असतो. अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यास वारस अमुक अमुक, वारसांनी वर्दी दिली, स्थानिक चौकशी केली, सबब नोंद केली. या वाक्यरचनेत कर्ता जवळजवळ अदृश्य आहे. वर्दी कोणी दिली हे कळते, पण चौकशीत काय विचारले गेले हे सहसा कळत नाही.

या भाषेतील लघुरूपे विशेष लक्षणीय आहेत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या तीन अक्षरांमागे भाऊ, विधवा भावजय, अविवाहित बहिणी असे सारे घर उभे असते. परंतु सातबाऱ्यावर नाव एकाचेच. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन करणार. वारस अल्पवयीन होता, हे या लघुरूपाने कळते. तो सज्ञान झाल्यावरही ते अक्षर तसेच राहिलेले असू शकते. कमी झालेल्या नावाभोवती कंस घालण्याची पद्धत हस्तलिखित सातबाऱ्यांत रूढ होती. कंसातील नाव पुसलेले नसते, केवळ निष्प्रभ केलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा कंस उपकारकच आहे, कारण पूर्वीचा धारक त्यातून वाचता येतो.

या संहितेचा हेतू ध्यानात न घेतल्यास मोठी गफलत होते. फेरफार मूलतः शेतसारा कोणाकडून वसूल करावा या प्रश्नाचे उत्तर देतो. त्याला संहितेच्या कलम १५७ ने खरेपणाचे गृहीतक दिले आहे, पण ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे. असे असूनही गावातील व्यवहारात आणि काही वेळा आपल्या संशोधनातही फेरफार हीच वंशावळ आणि तोच मालकीचा पुरावा समजला जातो. सारावसुलीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आपण ‘हे घर कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतो. अभ्यासकांच्या वाचनातील हा मूलभूत दोष होय.

यावर एक उपाय सुचवता येईल. प्रत्येक वारस नोंदीतील तीन तारखा वेगळ्या काढाव्यात : मृत्यूची, वर्दीची आणि प्रमाणनाची. वारसाहक्क मृत्यूच्या वेळच्या कायद्याने ठरतो, तर नोंदीची भाषा वर्दीच्या काळातील गरजेतून येते. या दोन तारखांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर दिसले, तर मधल्या काळात काय बदलले हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि तो खालापूर तालुक्यातून जातो. कर्जतच्या परिसरात शेतघरे व गृहप्रकल्प वाढले. दीर्घकाळ मृताच्याच नावावर राहिलेल्या जमिनीला अशा काळात एकाएकी वारस मिळत असतील, तर ती वर्दी शोकातून आली की विक्रीच्या बोलणीतून, हे तारखाच सुचवतात.

४. मुलीचे नाव :

वारस नोंदीतील सर्वाधिक अर्थपूर्ण जागा ‘इतर हक्क’ हा रकाना आहे. मुलगे कब्जेदार सदरी आणि आई व बहिणी ‘इतर हक्कात’, अशी मांडणी जुन्या नोंदींत आढळते. बहीण कागदावर आहे, परंतु मालकाच्या ओळीत नाही. कर्जाचा बोजा ज्या रकान्यात लिहिला जातो, तेथेच तिचे नाव येते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलीला मुलाबरोबरीने पहिल्या वर्गाची वारस मानले होते. म्हणजे ही मांडणी त्या काळच्या कायद्याचेही प्रतिबिंब नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद केले, पण त्या दुरुस्तीपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही विवाहाची अट उरली नाही. २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले.

कायदा जसजसा मुलीच्या बाजूने सरकला, तसतसे हक्कसोडपत्राचे महत्त्व वाढले. पूर्वी जे काम मौनाने होत असे, त्यासाठी आता स्वाक्षरी लागते. म्हणून नुसता फेरफार पाहून ‘बहिणीचे नाव लागले’ असे समाधान मानणे घाईचे ठरते. त्यानंतरचे दोन-तीन फेरफार आणि दुय्यम निबंधकांकडील पुस्तक क्रमांक १ पाहिल्याखेरीज ते नाव टिकले की सोडवून घेतले गेले, हे समजत नाही.

५. नोंदीबाहेरचे मरण :

कर्जत-खालापूरमधील ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होत नाही. १९५६ च्या अधिनियमाचे कलम २(२) अनुसूचित जमातींना त्यातून वगळते. तेथे वारसा रूढीने ठरतो, आणि रूढी कोणती हे बहुधा चौकशीच्या वेळी हजर असलेली माणसेच सांगतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका प्रकरणात आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा देताना न्याय, समता व सद्सद्विवेक या तत्त्वांचा आधार घेतला. मात्र १९५६ चा अधिनियम आदिवासींना लागू नाही, ही स्थिती कायम आहे. वनहक्क अधिनियम, २००६ मधील तरतूद या पार्श्वभूमीवर उठून दिसते. कलम ४(४) नुसार वनहक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही आणि विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. पत्नीचे नाव येथे पतीच्या मृत्यूनंतर येत नाही, ते सुरुवातीपासूनच असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २३ जुलैला शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वारस नोंदीचा सारा साचा ‘मयत’ या शब्दाने आणि एका तारखेने सुरू होतो. जेथे देह मिळत नाही, तेथे पुराव्याचा सर्वसाधारण कायदा मृत्यूच्या गृहीतकासाठी सात वर्षांची मुदत सांगतो. आपत्तीतील मदत त्वरित पोहोचावी म्हणून प्रशासन वेगळा मार्ग काढते आणि तो काढलाच पाहिजे. परंतु जेथे एकाच रात्री घरातील अनेक माणसे जातात, तेथे कोण आधी गेले यावर वारसाची साखळी अवलंबून असते. ते सांगायला कोणी उरलेले नसते. अशा वेळी साच्यातील तीन ओळी किती तोकड्या आहेत, हे उघड होते.

समारोप :

२०२५ मध्ये महसूल विभागाने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबविली. चावडी वाचन करून मृत खातेदारांच्या याद्या करणे आणि त्यांच्या जागी वारसांची नावे लावणे, असे तिचे स्वरूप होते. मृतांची नावे दशकानुदशके कागदावर राहिल्याने पीककर्ज, नुकसानभरपाई यांत होणारी अडवणूक पाहता मोहिमेची गरज निर्विवाद आहे. तथापि नाव बदलण्याचा वेग वाढला की चौकशीचा अवकाश आकुंचित होतो. चावडीवर जो हजर, तो वारस म्हणून आधी लिहिला जातो. लग्न होऊन दूर गेलेली बहीण, वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब आणि अज्ञान मूल ही त्या दिवशी चावडीवर नसण्याचा संभव अधिक.

म्हणून या मोहिमेतून तयार झालेले फेरफार हे उद्याच्या अभ्यासकासाठी मोलाचे साधन असले, तरी ते वाचताना प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारावे लागतील : वर्दी कोणी दिली, आणि ती देताना कोण गैरहजर होते? पहिल्याचे उत्तर नोंदीतच मिळेल. दुसऱ्यासाठी तालुक्याच्या न्यायालयापासून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयापर्यंत आणि तेथून त्या बहिणीच्या सासरच्या गावापर्यंत जावे लागेल. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी याच गावांतून येतात. त्यांच्या घरातील एका फेरफाराचे असे वाचन त्यांच्याकडून करून घेणे, हा इतिहास, मराठी आणि विधी या तिन्ही विषयांना जोडणारा प्रकल्प होऊ शकेल. त्यातून एखाद्या आत्याचे नाव ‘इतर हक्का’तून बाहेर आले, तर तेही त्या अभ्यासाचे फलितच मानावे लागेल.