नेसणे आणि घालणे : रंगभूमी व चित्रपट यांच्या वेशविचारातील एक उणीव

नाटक आणि चित्रपट यांच्या वेशाचा विचार अलीकडे अभ्यासाचा स्वतंत्र विषय म्हणून होऊ लागला आहे, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु हा विचार मराठीत मांडताना ‘वेशभूषा’ आणि ‘परिधान करणे’ या दोन संस्कृत प्रयोगांवरच बहुधा सारी भिस्त ठेवली जाते. हे शब्द भारदस्त आहेत. अडचण एवढीच, की ते फार थोडे सांगतात. परिधान धोतराचेही होते आणि कोटाचेही. मराठी बोलणारा माणूस मात्र असा घोटाळा सहसा करीत नाही. तो धोतर नेसतो, सदरा घालतो, उपरणे पांघरतो, पटका बांधतो. त्याची बायको लुगडे नेसते, चोळी घालते आणि दागिने लेते. या क्रियापदांच्या उलट क्रियाही वेगळ्या आहेत. नेसलेले फेडतात, घातलेले काढतात, बांधलेले सोडतात, गणवेश चढवतात आणि उतरवतात. विरुद्धार्थी जोड्या इतक्या नेटक्या असाव्यात, हा केवळ शैलीचा भाग म्हणता येणार नाही. येथे भाषेने वस्तूंचे वर्गीकरण केले आहे.

या वर्गीकरणाचे तत्त्व उघड आहे. जे वस्त्र देहावर येण्यापूर्वीच घडलेले असते ते घालतात. जे देहावरच घडते ते नेसतात, बांधतात किंवा पांघरतात. शिरोवस्त्राचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. पागोटे बांधतात, पण पगडी घालतात. कारण पगडी पगडबंदाने आधीच बांधून, बसवून दिलेली असते. कापड तेच, डोकेही तेच. घडण कोठे झाली एवढ्यावर क्रियापद बदलते. न शिवलेल्या कापडाला देहावर कायमची जागा नसते, हेही भाषेला पुरते ठाऊक आहे. ‘कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे’ हा वाक्प्रचार निर्लज्जपणाविषयी असला तरी तो शक्य झाला तो धोतरामुळे, विजारीमुळे नव्हे. हा भेद जुनाही आहे. पालीत अधोवस्त्रासाठी ‘निवासेति’ आणि उत्तरीयासाठी ‘पारुपति’ अशी निरनिराळी क्रियापदे आहेत, आणि ‘नेसणे’ हे ‘नि’ या उपसर्गासह येणाऱ्या ‘वस्’ धातूच्याच कुळातले आहे.

हा भेद समीक्षेला काय देतो, हे अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) जन्मलेल्या शाहू मोडक यांच्या दोन भूमिकांवरून पाहता येईल. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) मध्ये ते पोलीस शिपाई गणपत आहेत. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये ज्ञानेश्वर. गणपतचा गणवेश सरकारने शिवलेला आहे. तो कोणाही शिपायाचा असू शकतो, खुंटीवर टांगला तरी शिपाईच राहतो, आणि त्याच्या आत असलेला माणूस मैनेच्या संगतीत त्या कापडाशी झगडू लागतो यातच चित्रपटाचे नाट्य आहे. ज्ञानेश्वराच्या वस्त्रांना असा स्वतंत्र अधिकार नाही. धोतर आणि अंगावरचे वस्त्र फेडून घडी केले की त्यात ज्ञानेश्वर उरत नाही. दोन्ही ठिकाणी ‘वेशभूषा उत्तम’ असा शेरा मारणारी समीक्षा काहीच पाहत नाही.

‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाबाबतही हेच झाले. त्याच्या वेशासाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. साहजिकच कौतुक पुष्कळ झाले, चिकित्सा मात्र थोडी. या चित्रपटाचा नायक आगगाडीतील सूट घातलेल्या बॅरिस्टरापासून पंचा नेसलेल्या वृद्धापर्यंत जातो, म्हणजे त्याचा प्रवास ‘घालण्या’कडून ‘नेसण्या’कडे आहे. कथा पुढे सरकते तसे नायकाच्या बाबतीत शिंप्याचे काम कमी होत जाते आणि वेशकाराचे वाढते. कारण तेवढेसे कापड कमरेला कसे राहते, चालताना कोठे सुटते, बसताना कोठे आवरावे लागते, यावर आता सारे अवलंबून असते. कागदावरील रेखाटनात हे येत नाही.

रेखाटनात न येणारे हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ते लोक संशोधकाला दूर नाहीत. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. पठ्ठे बापूरावांच्या फडातील या कलावतीला तमाशातील पहिली स्त्री-नर्तकी मानण्याची परंपरा आहे. तोवर स्त्रीभूमिका नाच्या पोरे करीत. त्यांच्या लुगड्याला ‘ही बाई आहे’ हे विधान करावे लागे; पवळेच्या लुगड्यावरून तो भार उतरला. मग ते काय सांगू लागले, याचा विचार झालेला नाही. नाट्यसंगीताच्या रंगभूमीवर बालगंधर्वांच्या शालूंविषयी मात्र पानेच्या पाने लिहिली गेली आहेत! पुढे कांताबाई सातारकरांनी संगमनेरास आपले घर केले आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा कलावतींच्या आठवणी नोंदविताना त्यांना गाण्यांविषयी विचारले जाते, हालअपेष्टांविषयी विचारले जाते. कास किती ताणून घ्यावी म्हणजे गिरकीत सुटत नाही, हे विचारण्याचे बहुधा कोणास सुचत नाही. कपडेपटाच्या पेटीत घडी घालून ठेवलेले लुगडे म्हणजे नुसते लुगडे. त्याचा वेश कलावतीच्या हातात असतो.

आता या हातांचे काम शिलाईयंत्राकडे जात आहे. शिवलेली नऊवारी लावणीच्या कार्यक्रमांत आणि शाळांच्या संमेलनांत सर्रास दिसते. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. दोन प्रवेशांच्या मध्ये क्षणात वेश पालटावा लागणाऱ्या मुलीला ती मोठाच आधार आहे, आणि नेसवून देणारे माणूस घरोघरी राहिलेले नाही. तरीही तिचे मोल चुकवावे लागते. नेसलेले लुगडे त्याच रात्री दुसऱ्या अंगावर दुसऱ्या तऱ्हेने जाऊ शकते. कास वर घेतली की कष्टकरीण, पदर खांद्यावरून ओढून घेतला की घरंदाज बाई. शिवलेल्या नऊवारीत यांपैकी एकच तऱ्हा गोठवून ठेवलेली असते. नगर शहरातील पद्मशाली विणकरांनी हातमागावर विणलेल्या लुगड्याला असा पक्का आकार कधीच नव्हता. त्याला फक्त लांबी, पन्हा, काठ आणि पदर होता.

भाषेनेही हा बदल टिपला आहे. ‘नऊवारी घातली’ असे आता अनेकांच्या तोंडी येते, आणि जुनी माणसे ते दुरुस्त करू पाहतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही दुरुस्ती अनाठायी आहे. ते वस्त्र खरोखरच घालण्याचे झाले आहे, आणि बोलणारा अजाणता अचूक बोलत आहे. पगडीच्या बाबतीत हेच पूर्वी घडून गेले. फरक इतकाच, की पगडी बांधण्याची विद्या पगडबंदाकडे शिल्लक राहिली. नऊवारी शिवणाऱ्याला ती नेसता यावी लागत नाही.