‘संसार’ जपानीत नेताना : इंग्रजी प्रतिशब्द आणि संदर्भ

मराठी कविता इंग्रजीच्या मध्यस्थीने जपानीत न्यावयाची असल्यास प्रतिशब्दाचा प्रश्न दोनदा सोडवावा लागतो, आणि पहिल्या टप्प्यावर जे गळते ते दुसऱ्या टप्प्यावर कोशातून परत मिळत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेतील ‘संसार’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या या निरक्षर कवयित्रीची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचे विद्यापीठ २०१८ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या गाण्यात संसाराचे नाते चुलीवरच्या तव्याशी, हाताला बसणाऱ्या चटक्याशी आणि त्यानंतर मिळणाऱ्या भाकरीशी जोडलेले आहे. इंग्रजीत त्याला ‘लाइफ’ म्हटले की वाक्य सुरळीत होते; अडचण पुढे येते.

जपानीत ‘लाइफ’साठी एक शब्द नाही. शास्त्रीय अर्थाने जीवन म्हणजे ‘सेइमेइ’, प्राण या अर्थी ‘इनोची’, जन्मापासून मृत्यूपर्यंतचे मानवी आयुष्य ते ‘जिन्सेइ’ आणि रोजचे राहणीमान, उदरनिर्वाह ते ‘सेइकात्सु’. ‘जिन्सेइ’ योजल्यास तवा हे केवळ तत्त्वचिंतनाचे रूपक उरते. ‘सेइकात्सु’मध्ये चूल शिल्लक राहते, परंतु शब्दाला अहवालाची कोरडी छटा येते. संस्कृतज्ञ अनुवादक ‘रिन्ने’ या बौद्ध संज्ञेकडे वळण्याचा संभव आहे. ही चूक विद्वत्तेच्या वेषात येते म्हणून अधिक घातक होय. ‘रिन्ने’ हे जन्ममरणाचे चक्र, त्यातून सुटावयाचे असते. तव्यासमोरची स्त्री सुटका मागत नाही, ती भाकरी भाजते आहे.

मराठीतून थेट पाहिल्यास ‘शोताइ’ हा शब्द समोर येतो. ‘शोताइ ओ मोत्सु’ म्हणजे लग्न करून स्वतंत्र घर मांडणे, अर्थात संसार थाटणे. इंग्रजी कोशात तो ‘हाउसहोल्ड’खाली सापडतो, ‘लाइफ’ शोधणारा तेथवर पोहोचतच नाही.

तथापि ‘शोताइ’ही निर्दोष नाही. त्यापासून झालेले ‘शोताइजिमिता’ हे विशेषण घरप्रपंचाने कळा उतरलेल्या व्यक्तीस, बहुधा किंचित हेटाळणीने, लावले जाते. बहिणाबाईंच्या गाण्यातील स्त्रीला चटके बसतात, पण तिची कळा उतरत नाही. म्हणून संसार ‘मांडण्या’चा संदर्भ असेल तेथे ‘शोताइ’ आणि तो रोज ‘करण्या’चा असेल तेथे ‘कुराशी’ हा शब्द अधिक योग्य ठरावा. ‘कुराशी’ बोलीतला, घरगुती शब्द आहे. तो ज्या ‘कुरासु’ या क्रियापदापासून झाला, त्याचा मूळ अर्थ दिवस मावळेपर्यंतचा वेळ काढणे असा आहे.