नातवाचा शोध आणि युद्धाची कविता

युद्धांत नाहींसा झालेल्या माणसाविषयीं त्याच्या वंशजानें लिहिलेलें पुस्तक परीक्षणासाठीं हातीं आलें, म्हणजे आम्हांस थोडा संकोच वाटतो. जेथें श्राद्ध चाललें आहे तेथें गुणदोषांचा तराजू घेऊन कसें जावें? परंतु डॅनियल स्विफ्ट यांच्या २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बॉम्बर कौंटी’ या इंग्रजी ग्रंथापुरता तरी हा संकोच बाजूस ठेवला पाहिजे. कारण त्यांनीं पितृस्मरणाबरोबर एक वाङ्मयीन सिद्धांतही मांडला आहे.

ग्रंथकाराचे आजोबा ब्रिटिश विमानदलाच्या ८३ व्या पथकांत लँकेस्टर विमानाचे वैमानिक होते. १९४३ च्या जून महिन्यांत एका रात्रीं ते जर्मनींतील म्यून्स्टर शहरावर बॉम्ब टाकण्यास निघाले, ते परतले नाहींत. त्यांचा देह पुढें हॉलंडच्या किनाऱ्यास लागला. त्यांचा माग काढण्यासाठीं नातवानें दफ्तरें चाळलीं. इंग्लंड, हॉलंड व जर्मनी येथें जाऊन जुन्या माणसांच्या भेटी घेतल्या. अशा शोधास एक मर्यादा असतेच. पथकाच्या नोंदवहींत विमान, त्यांतील सात माणसें, उड्डाणाची वेळ, हें सारें सांपडतें. विमान न परतल्यास नोंद तेथेंच संपते. बॉम्बर कमांडच्या सुमारें सव्वा लाख विमानसैनिकांपैकीं ५५,५७३ मरण पावले. ज्यांस थडगेंही लाभलें नाहीं अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांचीं नुसतीं नांवें रनीमीडच्या स्मारकावर कोरलेलीं आहेत.

नोंद संपते तेथें स्विफ्ट कवितेकडे वळतात. पहिल्या महायुद्धांतील खंदकांनीं जशी कविता दिली, तशीच दुसऱ्या महायुद्धांतील बॉम्बवर्षावानेंही दिली, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस हें अर्धेंच पटतें. विल्फ्रेड ओवेन जें लिहीत होता, तें तो स्वतः भोगीत होता. बॉम्बवर्षावाची गाजलेली कविता मात्र बहुतांशीं जमिनीवरची आहे. एलियट लंडनमध्यें हवाई हल्ल्यांच्या वेळीं पहाऱ्यावर असे. डिलन टॉमसनें लिहिलें तें होरपळलेल्या लंडनविषयीं. विमानाच्या पोटाखालील गोलकांत बसून मशीनगन चालविणाऱ्या सैनिकाच्या मृत्यूवर कविता लिहिणारा रँडल जॅरेल प्रत्यक्ष लढाईवर कधीं गेलाच नाहीं. तो अमेरिकेंतच शिकाऊ वैमानिकांच्या शिक्षणाचें काम करीत होता. जपानवर जाणाऱ्या विमानांत स्वतः मशीनगनवर बसलेला जॉन चिआर्डी हा अपवाद. तेव्हां आजोबांच्या आसनावरून त्या रात्रीं काय दिसलें, याचें उत्तर या कवितेजवळ नाहीं. तें तिच्याकडून वदवून घेण्याचा मोह ग्रंथकारास सर्वत्र आवरलेला नाहीं, हा आमच्या मतें पुस्तकाचा खरा दोष होय.

मग ग्रंथाचें मोल कशांत? आमच्या मतें तें त्याच्या सचोटींत आहे. आजोबांवरील मायेच्या आड बॉम्बखालीं सांपडलेलीं माणसें लपविणें सोपें होतें. जर्मनींत तर असे लाखों नागरिक प्राणांस मुकले. स्विफ्ट बॉम्ब टाकणाऱ्यांचा अनुभव शोधतात, तसाच तो सोसणाऱ्यांचाही शोधतात, आणि या कृत्याच्या नीतिअनीतीचा प्रश्न टाळीत नाहींत. आपल्याकडे तर्पण करतांना पितरांच्या मागोमाग, ज्यांचें आपलें कांहींच नातें नाहीं त्यांच्याही नांवें पाणी सोडतात. हरवलेल्या आप्ताचा शोध घेणाऱ्या प्रत्येक लेखकाकडून आमची तेवढीच अपेक्षा आहे, आणि या नातवानें ती पुरी केली आहे.