सुटले कोण, फासावर कोण?

कोर्टाच्या दप्तराला आपण सहसा साहित्य मानत नाही. परंतु थॉमस लॉइड या लघुलेखकाने टिपलेला आणि १८०७ साली न्यूयॉर्कला छापलेला विल्यम स्मिथ व सॅम्युएल ऑग्डेन यांच्या खटल्यांचा वृत्तान्त वाचताना एखादे कसलेले नाटक वाचत असल्याचा भास मला झाला.

कथानक थोडक्यात असे. स्पेनच्या जोखडातून व्हेनेझुएला सोडवायला निघालेल्या फ्रान्सिस्को मिरांडाचे ‘लिअँडर’ जहाज फेब्रुवारी १८०६ मध्ये न्यूयॉर्कहून सुटले. जहाज ऑग्डेनचे; माणसे जमवण्यात पुढाकार स्मिथचा. हा स्मिथ माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा जावई. मित्रराष्ट्रावर स्वारीची तयारी करण्यास १७९४ च्या कायद्याने बंदी होती. जुलैमध्ये खटला उभा राहिला.

सरकारला सारे ठाऊक होते, हा बचावाचा मुद्दा. त्यासाठी परराष्ट्रमंत्री मॅडिसन यांना साक्षीला बोलावले. ते आले नाहीत. कायद्याने जे मना केले, त्याला राष्ट्राध्यक्षही मुभा देऊ शकत नाहीत, असा निर्वाळा न्यायमूर्ती पॅटरसन यांनी दिला. बचावाच्या वकिलांत टॉमस एमेट होते. ते आयर्लंडमधून परागंदा झालेले बंडवाले आणि त्यांचा भाऊ १८०३ मध्ये फासावर गेलेला! अखेर पंचांनी दोघांनाही निर्दोष सोडले.

लॉइडची लेखणी तटस्थ आहे, आणि तेच तिचे बळ. तो कुणाचीही बाजू घेत नाही, म्हणून कायदा आणि सहानुभूती यांची ओढाताण वाचकाला स्वतःच अनुभवावी लागते. पॅटरसन यांचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते, आणि पंचांचा कौलही समजतो.

उणीव मात्र एका जागी जाणवते. टपालाच्या रक्षणाची नोकरी म्हणून फसवून जहाजावर चढवलेली गरीब पोरे या कोर्टात केवळ पुरावा म्हणून येतात. त्याच जुलैत मिरांडाच्या दहा साथीदारांना स्पॅनिश सत्तेने पुएर्तो काबेयो येथे फाशी दिली. मोहीम उभी करणारे घरी गेले. मोहिमेवर गेलेल्यांपैकी कित्येक परतले नाहीत.

अमेरिकेतील याच तटस्थतेच्या कायद्यांखाली १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गदर चळवळीतील आपल्या माणसांवर खटला चालला. त्यांना शिक्षा झाल्या. त्या निकालाचा विषाद ज्याला वाटतो, त्याने १८०६ चा हा वृत्तान्त अवश्य वाचावा. आपली सहानुभूती नेमकी कुणाकडे धावते, हे त्याला एकदा तपासून पाहावे लागेल. मला तरी लागले.